लेना रेकॉर्डर: आकड्यांपेक्षा ऐकण्यासाठी घ्यावं असं यंत्र

तान्ह्या बाळांच्या आणि त्यांच्या आईबाबांच्या संवादावर काम करणाऱ्या कुणाशीही बोला, थोड्याच वेळात लेनाचं, म्हणजे बाळाच्या अंगावर ठेवून त्याच्या आसपासचं दिवसभराचं बोलणं टिपणाऱ्या आणि मोजणाऱ्या रेकॉर्डरचं, नाव निघतं. मी स्पीच थेरपिस्ट आहे. बरीच वर्षं मुलांवर उपचार केले, आता एका संशोधनगटात दिवसभराच्या रेकॉर्डिंगवर काम करते. माझा बराचसा दिवस कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांच्या घरातलं बोलणं ऐकण्यात जातो. लेना घ्यावं का, त्याच्या आकड्यांवर कितपत विसंबावं, हे प्रश्न नवे विद्यार्थी आणि इतर थेरपिस्ट मला सतत विचारतात. माझं मत आधीच सांगते: जरूर घ्या, पण सोळा तासांतलं नेमकं काय ऐकायचं हे कळावं म्हणून घ्या. कुणाच्या आईबापपणाला गुण द्यायला घेणार असाल तर मुळीच घेऊ नका.

आधी वस्तू कशी आहे ते सांगते. तळहातात मावेल एवढा रेकॉर्डर आणि छातीवर खिसा असलेला बाळाचा खास अंगरखा. सकाळी बाळ उठलं की रेकॉर्डर सुरू करून खिशात ठेवायचा, खिसा बंद करायचा आणि विसरून जायचं. तो सलग १६ तास आवाज टिपतो. अंघोळीच्या वेळी अंगरखा काढून जवळच ठेवायचा, झोपेच्या वेळी उशाशी. घरात तारा नाहीत, कॅमेरा नाही, अनोळखी माणूस नाही. दिवस संपला की रेकॉर्डर संगणकाला जोडायचा, पुढचं काम सॉफ्टवेअर करतं.

हे सॉफ्टवेअर कोण काय बोललं ते लिहून देत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. पुष्कळांचा इथेच गैरसमज होतो. ते आवाजाचे छोटे छोटे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्याला एक खूण लावतं: अंगरखा घातलेलं बाळ, दुसरं मूल, बाई, पुरुष, एकावर एक आलेले आवाज, टीव्ही किंवा तत्सम यंत्राचा आवाज, गोंगाट, शांतता. आवाज जवळचा आहे की लांबचा, तेही वेगळं काढतं. त्यातून मुख्य तीन आकडे निघतात. बाळाच्या आसपास मोठी माणसं साधारण किती शब्द बोलली, बाळाने स्वतः किती उच्चार केले (रडणं, ढेकर, खोकला वगळून), आणि बाळ व मोठं माणूस यांच्यात बोलण्याच्या किती फेऱ्या झाल्या. शब्दांचा आकडा हा आवाजाच्या घडणीवरून काढलेला अंदाज असतो. यंत्राला एकाही शब्दाचा अर्थ कळत नाही.

हे कशातून जन्मलं ते माहीत असलं की त्याचे गुण आणि त्याच्या मर्यादा दोन्ही कळतात. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली या अमेरिकी संशोधकांनी ४२ कुटुंबांच्या घरी दर महिन्याला तासभर जाऊन, मुलं तीन वर्षांची होईपर्यंत, घरातलं बोलणं रेकॉर्ड केलं आणि हाताने उतरवून काढलं. १९९५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्या तासांवरून पुढे गुणाकार करून त्यांनी म्हटलं की चौथ्या वर्षापर्यंत सुस्थितीतल्या आणि गरीब घरातल्या मुलांच्या कानांवर पडलेल्या शब्दांत ३ कोटींचा फरक पडतो. टेरी आणि जुडी पॉल या दांपत्याला हे काम वाचून वाटलं की हे मोजणं यंत्राने करता यायला हवं. त्यातून २००४ मध्ये कंपनी निघाली आणि पुढे लेना ही ना-नफा संस्था झाली.

यंत्राने मोठ्या प्रमाणावर मोजणी झाली तेव्हा तो ३ कोटींचा आकडा टिकला नाही. २०१७ मध्ये लेनाच्याच नोंदींवरून आलेल्या अभ्यासात हा फरक ४० लाखांच्या आसपास निघाला. २०१९ मध्ये डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मुलाच्या आसपास बोलणाऱ्या सगळ्यांचं बोलणं धरलं तर गरीब-श्रीमंत हा सरळ हिशेब कोलमडतो. एकाच आर्थिक स्तरातल्या वस्त्यांमध्येही फार मोठे फरक आहेत. ज्या दाव्यातून यंत्र जन्माला आलं तोच दावा त्याच्या मोजणीने लहान केला, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. गरीब आईबाप कमी बोलतात म्हणून मुलं मागे पडतात, असं सहज बोललं जातं आणि त्याने माणसं फार दुखावतात. ते बोलणाऱ्यांनी ही नंतरची कामं वाचायलाच हवीत.

आता यंत्राचा सगळ्यात मोठा गुण. ते अख्खा दिवस ऐकतं. आमच्या क्षेत्रात वर्षानुवर्षं जे ज्ञान जमलं ते बहुतेक प्रयोगशाळेतल्या दहा-पंधरा मिनिटांवर उभं आहे: गालिचा, चार खेळणी, काचेपलीकडे कॅमेरा आणि बाळाशी खेळा असं सांगितलेली आई. अशा वेळी कुणीही भरभरून बोलणारच. एलिका बर्गेलसन यांच्या गटाने ४४ बाळांच्या घरी दोन्ही तऱ्हांनी नोंदी घेतल्या, तासाभराचा व्हिडिओ आणि दिवसभराचा आवाज. व्हिडिओच्या तासात मिनिटामागे होणारं बोलणं दिवसभराच्या मानाने दुप्पट ते चौपट दाट निघालं. म्हणजे आपण ज्याला बाळाचं रोजचं भाषिक जग समजत होतो ते त्या दिवसाचं सर्वांत बोलकं टोक होतं. खरा दिवस बराच शांत असतो. त्यात झोप असते, कंटाळा असतो, कुणी फोनवर असतं, बाळ एकटंच स्वतःच्या मुठीशी बोलत असतं.

सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांचे आकडे वेगळे काढून देतं, तासावारी आलेख देतं. माझ्या कामात हा आलेख सोन्यासारखा आहे. सात महिन्यांच्या एका बाळाची आई मला म्हणाली होती, "मॅडम, मी मुळात अबोल आहे. तुम्हाला माझ्या घरात काही सापडणार नाही." आलेखात दिवसभर खरंच फारसं काही नव्हतं, पण दुपारी एक सुळका होता. तेवढाच तुकडा काढून ऐकला. ती बाळाचे कपडे बदलत होती. एकेक बटण लावताना थांबत होती, बाळ "अँ" करत होतं, ती "अजून एक?" म्हणत होती, पुन्हा थांबत होती. शब्द मोजके, पण एकही वाया गेलेला नव्हता, आणि तिच्या प्रत्येक थांबण्यात बाळाला बोलायला जागा होती. मी तिला तो तुकडा ऐकवला. ती दोनदा ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे आम्ही रोजच करतो की." सोळा तासांच्या फाइलमध्ये ही पाच मिनिटं मला हाताने शोधावी लागली असती तर बहुधा सापडलीच नसती.

या यंत्रामुळे जे पहिल्यांदा नीट मोजता आलं, त्यातली दोन कामं मला फार महत्त्वाची वाटतात. एक टीव्हीचं. दिमित्री क्रिस्टाकिस आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दोन महिने ते चार वर्षं वयाच्या ३२९ मुलांच्या नोंदी तपासल्या. ऐकू येणाऱ्या टीव्हीच्या प्रत्येक वाढत्या तासागणिक मुलाला ऐकू आलेले मोठ्यांचे शब्द सरासरी ७७० ने कमी झाले होते. मुलाचे स्वतःचे उच्चार आणि बोलण्याच्या फेऱ्याही घटल्या होत्या. टीव्ही कुणी पाहत होतं की नाही हा मुद्दाच नव्हता, तो नुसता चालू असणं पुरेसं होतं. आईबाबांना विचारून हे कधीच कळलं नसतं, कारण मागे चालू असलेला टीव्ही कुणाच्या लक्षात राहत नाही.

दुसरं काम मुदतीआधी जन्मलेल्या बाळांचं. मेलिंडा कॅस्की यांच्या गटाने नवजात अतिदक्षता विभागातल्या ३६ बाळांजवळ हे रेकॉर्डर ठेवले. एरवी जी बाळं अजून आईच्या पोटात असायची, त्या वयात, म्हणजे गर्भारपणाच्या ३२ व्या आठवड्यात, ती उच्चार करत होती. आईवडील जवळ असले की बाळांचे उच्चार आणि फेऱ्या वाढत होत्या. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झालं. काचेच्या पेटीशेजारी बसलेल्या, हात लावायलाही घाबरणाऱ्या आईवडिलांना मी आवर्जून सांगते की बोला, तुमचा आवाज पोचतो आहे. ते नुसतं धीर देण्यासाठी म्हणत नाही, त्यामागे हे असं काम उभं आहे.

आता फेऱ्यांकडे येते, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. गेल्या काही वर्षांत सगळ्यांचं लक्ष शब्दांवरून फेऱ्यांवर गेलं, आणि ते योग्यच झालं. रेचल रोमिओ यांच्या गटाने २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांच्या घरच्या नोंदी आणि मेंदूच्या प्रतिमा एकत्र पाहिल्या. ज्या मुलांच्या वाट्याला जास्त फेऱ्या आल्या होत्या, त्यांच्या मेंदूतला ब्रोका हा भाषेशी निगडित भाग गोष्ट ऐकताना अधिक सक्रिय होता. मुलांच्या कानांवर पडलेल्या एकूण शब्दांची संख्या आणि घरची आर्थिक स्थिती हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. त्याच वर्षी लेनाच्या गटाने दाखवलं की दीड ते दोन वर्षांच्या वयातल्या फेऱ्यांचा ९ ते १४ वर्षांच्या वयातल्या भाषिक आणि बौद्धिक चाचण्यांशी संबंध आहे. मुलाच्या कानांवर भाषेचा पाऊस पाडणं आणि मुलाशी बोलणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे थेरपिस्टना अनुभवाने माहीत होतंच. आता त्याला आधार मिळाला.

अडचण अशी की तीन आकड्यांपैकी हाच सर्वांत डळमळीत आहे. अलेहांद्रिना क्रिस्तिया, फेडेरिका बुल्गारेल्ली आणि बर्गेलसन यांनी लेनाच्या अचूकतेवर झालेल्या अभ्यासांचा आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध केला. माणसांनी मोजलेल्या आकड्यांशी यंत्राच्या आकड्यांचा सरासरी सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ, ० म्हणजे काहीच मेळ नाही) मोठ्यांच्या शब्दांसाठी ०.७९ आणि बाळाच्या उच्चारांसाठी ०.७७ होता. हे चांगलं आहे. फेऱ्यांसाठी तो ०.३६ होता. ज्या आकड्यावर सर्वांत मोठी विधानं केली जातात त्याच आकड्याखालची जमीन सर्वांत भुसभुशीत आहे.

असं का होतं ते यंत्राच्या नियमातून उलगडतं. बाळाचा आवाज आणि मोठ्या माणसाचा आवाज एकमेकांपासून पाच सेकंदांच्या आत आले, मध्ये दुसरं कुणी बोललं नाही, की झाली एक फेरी. मोठं माणूस कुणाशी बोलत होतं हे यंत्राला कळत नाही. आई फोनवर बहिणीशी बोलते आहे आणि बाळ शेजारी खुळखुळ्याशी बडबडतं आहे, तरी फेऱ्या मोजल्या जातात. शिवाय फेरी मोजायला दोन्ही बाजूंची खूण बरोबर लागावी लागते, त्यामुळे एका खुणेतली चूक पूर्ण फेरी बिघडवते. खुणांमध्ये बाळ आणि बाई यांची ओळख त्यातल्या त्यात बरी आहे, पुरुष आणि दुसरी मुलं यांची कमकुवत. दोन-तीन भावंडं आणि चार मोठी माणसं असलेल्या घरात आवाज एकमेकांवर चढतात आणि एकावर एक आलेले आवाज मोजणीतून गळतात. गजबजलेल्या घरातलं बाळ कागदावर एकाकी दिसू शकतं. अशा घरांतले नुसते आकडे मी कधीच वापरत नाही.

जे आवाजातच नाही त्याचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे. तीन महिन्यांच्या बाळाचा बराचसा संवाद डोळ्यांतून, भुवयांतून, जिभेच्या टोकातून चालतो. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक यांनी आयांना सांगितलं की बाळाशी हसत-खेळत असताना मध्येच चेहरा निर्विकार करा. बाळं आधी आईला परत बोलावण्यासाठी हसली, हात पसरले, आवाज काढले, आणि काही उपयोग होत नाही म्हटल्यावर तोंड फिरवून बसली. १९८५ मध्ये लिन मरे आणि कोल्विन ट्रेव्हार्थन यांनी आई आणि साधारण दोन महिन्यांचं बाळ वेगळ्या जागी बसवून त्यांना टीव्हीच्या पडद्यावर एकमेकांशी जोडलं. थेट चित्र होतं तोवर बाळ खुलत होतं. मग त्याच आईचं, तेच हसू आणि तेच लाडाचं बोलणं आधीच्या रेकॉर्डिंगमधून दाखवलं. बाळ अस्वस्थ झालं, नजर वळवू लागलं. आवाज तोच, शब्द तेच. गेलं होतं ते फक्त वेळेवर मिळणारं उत्तर. हे दोन्ही प्रसंग लेनाने मोजले असते तर आईच्या शब्दांचा आकडा दोन्हीकडे सारखाच आला असता.

मायकेल गोल्डस्टीन यांच्या गटाचा २००३ चा प्रयोग तर मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला लावते. आठ महिन्यांच्या बाळांच्या आयांच्या कानात बिनतारी हेडफोन होते. बाळाने आवाज काढला की संशोधक आईला सूचना देत, आणि आई हसे, जवळ सरके, बाळाला हात लावे. एवढ्याने बाळांची बडबड अधिक सुघड, अधिक बोलण्यासारखी झाली. ज्या बाळांना तेवढेच प्रतिसाद मिळाले, पण त्यांच्या आवाजाशी वेळ न जुळवता, त्यांच्यात तसा बदल झाला नाही. त्या हसण्याची, त्या स्पर्शाची लेनाच्या अहवालात नोंद शून्य. यंत्राला यासाठी दोष देता येणार नाही, ते कानच आहे. पण त्याच्या अहवालाला संवादाचा अहवाल म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

भाषेबद्दल थोडक्यात. हे यंत्र अमेरिकी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या नोंदींवर घडवलं गेलं आणि त्याचे टक्केवारीचे मापदंडही, म्हणजे इतर मुलांच्या तुलनेत हे बाळ कुठे बसतं ते सांगणारे आकडे, त्याच ३२९ कुटुंबांवर बेतलेले आहेत. स्पॅनिश, फ्रेंच, डच, व्हिएतनामी, चिनी अशा भाषांत त्याची तपासणी झाली आहे आणि शब्दांचा अंदाज बऱ्याच ठिकाणी कामापुरता चांगला निघाला. पण ज्या भाषेत काम करायचं तिच्यात आधी काही तुकडे हाताने उतरवून आकडे पडताळल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या भाषेतल्या कुटुंबांवर बेतलेली टक्केवारी आपल्या समोरच्या आईला दाखवू तर मुळीच नये.

खासगीपणाबद्दल मी फार हट्टी आहे. सोळा तासांत भांडणं येतात, पैशांच्या गोष्टी येतात, दारावर आलेला शेजारी येतो, ज्याने कशालाच संमती दिलेली नसते. पालकांसाठीच्या सामूहिक कार्यक्रमांत जी पद्धत वापरली जाते, तिच्यात आकडे निघाल्यावर मूळ आवाज पुसला जातो आणि तो कुणी ऐकत नाही. संशोधनाच्या आवृत्तीत आवाजाची फाइल हाती राहते, आणि माझ्यासारख्यांना तीच हवी असते. म्हणून जबाबदारीही आमचीच. कुटुंबाला दिवस संपल्यावर "हा तास काढून टाका" म्हणायचा हक्क हवा, कारण न विचारता. पाहुण्यांना आधी सांगितलेलं हवं.

पर्याय आहेत का? आहेत, थोडी मेहनत करायची तयारी असेल तर. मार्विन लावशां आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये आवाज कुणाचा ते ओळखणारी मुक्त प्रणाली दिली. ओक्को रेसेनन यांच्या गटाची अ‍ॅलिस ही प्रणाली त्यावरच उभी आहे आणि मोठ्यांच्या बोलण्यातले शब्द, अक्षरं, ध्वनी यांचा अंदाज देते, तीही एकाच भाषेपुरती न घडवलेली. दोन्ही कोणत्याही चांगल्या रेकॉर्डरच्या फाइलवर चालतात. संगणकावर आज्ञा टाइप करून काम करायची सवय असलेला एक जण गटात हवा, बस. लेनाची बाजू इथे जड पडते ती सोयीत: अंगरखा, रेकॉर्डर, अहवाल, सगळं एकत्र येतं आणि दमलेल्या पालकांना दोन मिनिटांत समजावता येतं.

मी स्वतः असं करते. दिवसाच्या फाइलमधून सर्वाधिक फेऱ्यांचे काही पाच-पाच मिनिटांचे तुकडे घेते आणि तेवढेच तुकडे कुठूनही, न बघता निवडते. हे दुसरे तुकडे कधीही सोडू नका, नाहीतर यंत्राला जे दिसलं तेवढंच आपल्यालाही दिसेल. ते ईलान या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडते. नेदरलँड्समधल्या नायमेगेनच्या माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेने ते बनवलं आहे आणि त्यात बाळ, आई, बाबा, आजी अशा वेगवेगळ्या पट्ट्यांवर खुणा करता येतात. बोलणं बाळाला उद्देशून होतं की दुसऱ्याला, हे माणूसच ठरवतो. दोघीजणी एकमेकींचं न पाहता खुणा करतो आणि मग किती जुळलं ते काढतो. शक्य असेल त्या घरी त्याच दिवसाचा अर्ध्या तासाचा व्हिडिओही घेतो, बाळ जागं आणि पोटभर असताना. एका दिवसाच्या रेकॉर्डिंगवर कुठल्याही कुटुंबाबद्दल मत बनवत नाही, किमान तीन वेगळे दिवस मागते, त्यातला एक सुट्टीचा.

आणि पालकांना अहवाल दाखवताना टक्केवारीचा भाग मी छापतच नाही. तासावारी आलेख देते आणि त्यांच्याच घरातला एक तुकडा ऐकवते. बहुतेक जण आधी आलेखातल्या रिकाम्या जागांकडे बोट दाखवून विचारतात, "इथे कमी पडलो का?" तेव्हा मी वेळ पाहते. बहुतेकदा बाळ झोपलेलं असतं.